तीन मिनिटं पंधरा सेकंद

पहिल्या हल्ल्यात मी चार टॉर्पेडो सोडले आणि चारही समुद्राला अर्पण केले. समोरचं मालवाहू जहाज आठ नॉटने, म्हणजे साधारण सायकलच्या वेगाने, नाकासमोर चाललं होतं. चुकायला काही कारणच नव्हतं. नंतर वही काढून बसले तेव्हा कळलं की आकडे सगळे बरोबर होते. जहाज डावीकडून उजवीकडे जात होतं, म्हणजे मला त्याची उजवी बाजू दिसत होती, आणि मी यंत्रात डावी भरली होती. चिन्हाची चूक. बारावीला फिजिक्सच्या पेपरात करायचे, तीच.

खेळाचं नाव 'सायलेंट हंटर ३'. युबिसॉफ्टच्या बुखारेस्टमधल्या स्टुडिओने तो बनवला, २००५ साली बाजारात आला. आपण दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचे, म्हणजे यू-बोटीचे कप्तान. खेळ वीस वर्षांचा म्हातारा आहे, ग्राफिक्स आज बघवत नाहीत असं म्हणणारे म्हणतात. तरी जगभरातली हौशी मंडळी अजून त्याच्यासाठी मॉड्स बनवतात, आणि मी ऑफिसचा लॅपटॉप मिटला की माझा जुना लॅपटॉप उघडून अटलांटिकवर जाते. खलाशी मला 'हेर कालॉइन' म्हणतात. 'हेर' म्हणजे श्रीयुत. मी बाई आहे हे त्यांच्या गावीही नाही.

हा लेख त्या खेळाबद्दल आहे. तो मला का आवडतो हे सांगायचंय, आणि तो कुठे गप्प बसतो हेही. दोन्ही गोष्टी एकाच जागी आहेत, ही खरी अडचण.

शिकणं

खेळात सोपा रस्ता आहे. सेटिंग्जमध्ये ऑटोमॅटिक टार्गेटिंग चालू ठेवा, पेरिस्कोपमधून जहाजावर कुलूप लावा, बटण दाबा. बाकी सगळं खेळ करतो. पहिले दोन आठवडे मी असंच खेळले आणि कंटाळले. मग ते बंद केलं, आणि तिथून पुढे खरा खेळ सुरू झाला.

हाताने टॉर्पेडो मारायचा तर चार गोष्टी कळाव्या लागतात: जहाज कुठल्या दिशेला आहे, किती लांब आहे, कुठे तोंड करून चाललंय आणि किती वेगाने. दिशा पेरिस्कोपवर वाचता येते. अंतरासाठी आधी जहाज ओळखायचं, पुस्तकातून त्याच्या डोलकाठीची उंची काढायची, आणि ती काचेतून केवढी दिसते त्यावरून हिशोब करायचा. धुकं असेल, लाटा असतील, तर उंची चुकते आणि अंतर शेकड्यांनी हुकतं. तोंड कुठे आहे हे नजरेने ठरवायचं. आणि वेग?

वेगासाठी एक युक्ती आहे. नकाशावर जहाजाची जागा पेन्सिलने मांडायची आणि स्टॉपवॉच लावायचं. तीन मिनिटं पंधरा सेकंदांनी पुन्हा जागा मांडायची. मधलं अंतर शंभर-शंभर मीटरमध्ये जेवढं, तेवढेच नॉट. आठशे मीटर सरकलं तर आठ नॉट. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जादू वाटली. मग भागाकार केला: एक नॉट म्हणजे तासाला १,८५२ मीटर, म्हणजे शंभर मीटरला १९४ सेकंद आणि वर थोडं. तीन मिनिटं चौदा सेकंद. एक सेकंद गोल केलाय, बस. एवढ्या स्वच्छ गोष्टीने मला अख्खा दिवस आनंदात ठेवलं.

त्याहून सुंदर पुढचं आहे. जहाजाच्या वाटेला काटकोनात जाऊन आपण थांबलो, आणि टॉर्पेडो त्या वाटेवर सरळ नव्वद अंशात सोडायचा ठरवला, तर अंतराची गरजच उरत नाही. जहाज आणि टॉर्पेडो दोघांना एकाच बिंदूवर पोचायचंय, आणि दोघांच्या वेगांचं गुणोत्तर ठरलेलं आहे. जहाज आठ नॉट, विजेवरचा टॉर्पेडो तीस नॉट. आठ भागिले तीस, त्याचा टॅन-इन्व्हर्स, साधारण पंधरा अंश. पेरिस्कोप काटकोनाच्या पंधरा अंश अलीकडे रोखून ठेवायचा आणि जहाज तारेवर आलं की सोडायचा. जहाज पाचशे मीटरवर असो की हजारवर, कोन तोच. अंतर हिशोबातून उडून जातं.

इंजिनिअरिंगची चार वर्षं मी त्रिकोणमिती मार्कांसाठी केली. ती कशासाठी असते हे मला या खेळाने दाखवलं. हे मी आनंदाने लिहिलंय. थोड्या वेळाने हेच वाक्य वेगळं वाटेल.

वाट बघणं

खेळाची दुसरी शिकवण सबुरीची. सिनेमात पाणबुडी म्हणजे कायम पाण्याखाली असणारी गोष्ट. टाइप सेव्हन-सी ही जर्मनांची सगळ्यात जास्त बनवलेली यू-बोट तशी नव्हती. ती मुळात वर तरंगणारी, गरज पडली की बुडी मारणारी बोट. डिझेलवर वरून सतरा नॉट धावायची, पाण्याखाली बॅटरीवर जेमतेम साडेसात. आणि चार नॉटने रांगली तरी ऐंशी सागरी मैलांत, म्हणजे वीस तासांत, बॅटरी संपायची. त्यामुळे बुडी म्हणजे उसना घेतलेला वेळ. हे आकडे वाचून कळत नाहीत. डोक्यावर विनाशिका घिरट्या घालतेय, बॅटरीचा काटा खाली चाललाय आणि उजाडायला सहा तास आहेत, तेव्हा कळतात.

तो भाग या खेळाने असा काही बांधलाय की वीस वर्षांत फार थोड्यांना जमलं असेल. शांत राहण्याचा हुकूम दिला की खलाशी कुजबुजत्या आवाजात बोलू लागतात. टॉर्पेडो भरणं थांबतं, दुरुस्ती थांबते, कारण आवाज होतो. वरून पंख्याचा आवाज जवळ येतो. सोनारचा आवाज पत्र्यावर टिचकी मारल्यासारखा. मग थोडी शांतता. ही शांतता महत्त्वाची: विनाशिका अगदी डोक्यावर आली की तिच्या सोनारच्या झोतातून आपण निसटतो, त्या शेवटच्या क्षणांत ती आंधळी असते. सुकाणू फिरवायचं ते तेव्हाच. आधी फिरवलं तर तिला कळतं, नंतर फिरवलं तर उशीर झालेला असतो.

उणिवाही सांगून टाकते. खलाशांचा थकवा सांभाळायची पद्धत म्हणजे शिक्षा आहे. माणसांचे चौकोन माउसने उचलून इंजिनातून बंकवर, बंकवरून इंजिनात. कप्तान होण्याऐवजी मेस चालवतेय असं वाटतं. उलट खराब टॉर्पेडोंचा पर्याय नक्की चालू ठेवा. खराब टॉर्पेडो ही खेळवाल्यांची खोडी नाही. १९४० च्या नॉर्वे मोहिमेत जर्मन टॉर्पेडो सर्रास निकामी ठरले, कधी वेळेआधी फुटले, कधी फुटलेच नाहीत, कधी ठरवल्यापेक्षा खोल गेले. कप्तान तक्रार करत होते आणि टॉर्पेडो खातं आधी त्यांच्याच नेमबाजीला दोष देत होतं. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य आमच्या धंद्यापेक्षा जुनं आहे, हे कळून मला बरं वाटलं.

बारा ते चार

माझा मामेभाऊ बोटीवर आहे. कोकणात 'बोटीवर आहे' एवढंच म्हणतात, पुढचं सगळ्यांना कळतं. दादा टँकरवर थर्ड इंजिनिअर आहे. जॉइनिंगच्या आधी कसल्यातरी कोर्ससाठी तो मुंबईत आला की नवी मुंबईत माझ्याकडे उतरतो. मागच्या खेपेला रात्री जेवण झाल्यावर मी खेळत होते, तो मागे येऊन उभा राहिला.

पेरिस्कोपमध्ये एकटंच एक मालवाहू जहाज होतं. वेग काढून झाला होता, कोन लावून झाला होता. मी त्याला मोठ्या हौसेने सगळं गणित समजावलं. त्याने ऐकून घेतलं.

"आत काय भरलंय?"

"ते कळत नाही. पाच हजार टनांचं आहे."

"अगं, ते टनेज. ते मालाचं वजन नव्हे. तुझ्या त्या काळचा ग्रॉस टन म्हणजे वजनच नव्हे. आतल्या जागेचं माप ते. शंभर घनफूट म्हणजे एक टन."

मला हे खरंच माहीत नव्हतं. शेकडो तास खेळून मी टनांचे आकडे जमवत होते, आणि ते कशाचे आकडे आहेत हे कधी विचारलं नव्हतं.

"कुठे मारतेयस?"

"इंजिन रूमच्या खाली. कण्याखाली फुटला की जहाज मधून मोडतं."

त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. खेळात रात्रीचे दोन चाळीस झाले होते.

"बारा ते चार," तो म्हणाला. "थर्ड इंजिनिअरची वॉच."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. आपण एखाद्याच्या गॅलरीकडे बोट दाखवून 'ते आमचं घर' म्हणतो, तसं तो म्हणाला. आणि जहाज तारेवर आलंच होतं, तर मी बटण दाबलं. तीस नॉटने एक किलोमीटर जायला पासष्ट सेकंद लागतात. आम्ही दोघं स्टॉपवॉच बघत उभे होतो. मग उजेड झाला, आवाज आला, माझे खलाशी ओरडले, नोंदवहीत पाच हजार टन जमा झाले.

"छान खेळतेस," दादा म्हणाला आणि झोपायला गेला.

गुण कोण देतं?

फेरीवरून परत आलं की खेळ हिशोब देतो. किती जहाजं, किती टन, किती पदकं. नावलौकिकाचे गुण मिळतात, त्यातून चांगली बोट, चांगले टॉर्पेडो, अनुभवी खलाशी घेता येतात. सगळ्या खेळांत असतं तसंच. पण हे गुण खेळ बनवणाऱ्यांनी शोधलेले नाहीत. ते यू-बोटींचा सेनापती कार्ल ड्योनिट्झ याचे आहेत.

ड्योनिट्झचं तर्कशास्त्र सरळ होतं. ब्रिटन समुद्रावर जगतं. ब्रिटन जेवढी जहाजं बांधेल त्यापेक्षा जास्त टन बुडवत राहिलं, की एक दिवस ब्रिटन संपेल. मग जहाज कुठे बुडालं, आत काय होतं, भरलेलं होतं की रिकामं, याने फारसा फरक पडत नाही. टन मोजा. त्याला टनेज-युद्धच म्हणत. कप्तानांची कीर्ती त्या आकड्यावर, पदकं त्या आकड्यावर.

म्हणून 'खेळाने माणसांना आकडे बनवलं' अशी टीका मी करणार नाही. ती अर्धवट आहे. खेळ या बाबतीत इतिहासाशी प्रामाणिक आहे. त्याने आपल्याला कप्तानाच्या खुर्चीत बसवलं आणि कप्तानाला मुख्यालय जे विचारायचं तेच विचारलं. माझा आक्षेप वेगळा आहे. कप्तानाच्या डोळ्यांना मुख्यालयापेक्षा जास्त दिसत असे. खेळाने ते डोळे दिले आणि पुढे बघायला काही ठेवलं नाही.

'सिटी ऑफ बनारस' हे जहाज घ्या. ११,०८१ टन. खेळाच्या भाषेत मोठा घबाड. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री अटलांटिकमध्ये यू-४८ च्या हाइनरिश ब्लाइखरोटने त्यावर टॉर्पेडो सोडले. आधीचे चुकले. मग एक लागला. जहाजावर सुमारे चारशे माणसं होती आणि त्यांत बॉम्बहल्ल्यांतून वाचवण्यासाठी ब्रिटनमधून कॅनडाला पाठवलेली ९० मुलं होती. त्यांतली ७७ गेली. मुलं आहेत हे ब्लाइखरोटला कळायला मार्ग नव्हता. जहाज दिवे मालवून ताफ्यात चाललं होतं.

या जहाजाची गोष्ट मुलांची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि ते बरोबरच आहे. पण जहाजाचं नाव उगाच बनारस नव्हतं. ते हिंदुस्थानच्या फेऱ्यांसाठी बांधलेलं होतं आणि त्यावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते, त्या काळच्या शब्दात लस्कर. बारा नंबरची जीवनरक्षक होडी आठ दिवस समुद्रात भरकटून सापडली. तिच्यात सहा मुलगे होते म्हणून ती प्रसिद्ध झाली. त्या होडीतली बहुतेक माणसं लस्कर होती.

युद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा जवळपास चौथा हिस्सा कामगार हिंदुस्थानातला होता. मुंबई बंदरातून भरती व्हायची त्यात ढोबळ वाटणी असे: डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, सलूनमध्ये आणि भटारखान्यात गोव्याची माणसं, खाली बॉयलरपाशी पंजाबी आणि पठाण. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने कितीतरी कमी. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे, तिथे महायुद्धांत गेलेल्या भारतीय खलाशांचं स्मारक आहे. मी त्या रस्त्यावरून कितीदा गेलेय. 'सेलर्स होम' ही पाटी वाचून मला कायम लॉज वाटायचा.

म्हणजे पेरिस्कोपच्या दुसऱ्या टोकाला माझ्या गावची माणसं होती. मी हेर कालॉइन होऊन त्यांचं टनेज मोजत होते.

नसलेलं बटण

आता सगळ्यात महत्त्वाचा आक्षेप. जहाज बुडाल्यावर या खेळात करण्यासारखं काहीच नाही.

मी खेळते त्या मूळ आवृत्तीत पाण्यात माणूस दिसत नाही. मॉड बनवणाऱ्या हौशी लोकांना हे खटकलं असावं, त्यांनी नंतर होड्या आणून ठेवल्या. पण त्या देखाव्यापुरत्या. त्यांना पाणी देता येत नाही, किनारा कुठल्या दिशेला आहे ते सांगता येत नाही, ओढून नेता येत नाही. तसं बटणच नाही. मग खेळाडू काय करतो? वेळ पळवतो. खेळात वेळ एक हजार चोवीस पटीपर्यंत पळवता येतो. नोंद झाली की आकडा वाढवायचा आणि पुढच्या शिकारीकडे.

खऱ्या कप्तानांपुढे तो प्रश्न होता. १२ सप्टेंबर १९४२ ला पश्चिम आफ्रिकेच्या बाजूला यू-१५६ च्या वेर्नर हार्टेनश्टाइनने 'लॅकोनिया' हे ब्रिटिश जहाज बुडवलं. पाण्यातून इटालियन भाषेत हाका ऐकू आल्या. जहाजावर सुमारे अठराशे इटालियन युद्धकैदी होते, म्हणजे जर्मनांच्या मित्रदेशाचीच माणसं. हार्टेनश्टाइनने लोकांना वर घ्यायला सुरुवात केली, आणि मग इटालियन-इंग्रज असा भेद न करता घेत राहिला. उघड्या रेडिओवर इंग्रजीत सांगितलं की मी इथे आहे, मदतीला या, मी हल्ला करणार नाही. रेड क्रॉसचा झेंडा लावला. होड्या दोराने ओढत चालला. १६ तारखेला एका अमेरिकन विमानाने त्याच्यावर बॉम्ब टाकले. त्याला दोर कापून बुडी मारावी लागली. दुसऱ्याच दिवशी ड्योनिट्झने हुकूम काढला: बुडालेल्या जहाजावरच्या माणसांना वाचवायचा कसलाही प्रयत्न करायचा नाही. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात हा हुकूम त्याच्यासमोर ठेवला गेला.

ही गोष्ट सांगून मला हार्टेनश्टाइनला साधू करायचं नाही. ते जहाज त्यानेच बुडवलं होतं. पण बुडवल्यानंतरचे चार दिवस त्याला निर्णय घ्यावे लागले, आणि 'पाणबुडीचा कप्तान होणं' यात ते निर्णय येतात. कोन काढणं हे कप्तानाचं कसब झालं. पाण्यातून हाक आल्यावर थांबायचं की नाही, थांबलं तर आपल्या पन्नास माणसांचा जीव धोक्यात, नाही थांबलं तर समोरच्यांचा, हे ठरवणं म्हणजे कप्तानकी. खेळ पहिली गोष्ट अप्रतिम शिकवतो आणि दुसरीचा विषयच काढत नाही.

"खेळच आहे ना?"

हे मलाही म्हणता येतं. बुद्धिबळात प्यादं मेलं म्हणून कोणी सुतक धरत नाही. मान्य. पण बुद्धिबळ प्याद्याच्या चेहऱ्यावर घाम काढून दाखवत नाही. 'सायलेंट हंटर' काढतो. माझ्या खलाशांना चेहरे आहेत, हुद्दे आहेत, थकवा आहे. बोट बुडताना मला वाईट वाटावं अशी त्याची इच्छा आहे, आणि वाटतंही. आकडा भयानक आहेच: यू-बोटींवर गेलेल्या सुमारे चाळीस हजार माणसांपैकी तीस हजारांच्या आसपास परत आली नाहीत. १९४३ च्या एका मे महिन्यात चाळीसहून जास्त बोटी गेल्या. खेळात तुमची कारकीर्द त्या काळात पोचली की समुद्र अक्षरशः बदलतो, विमानं रात्रीही शोधून काढतात, आणि टिकणं हेच यश होतं. हा उतार खेळाने फार छान दाखवलाय. म्हणजे माणसं मरतात हे त्याला माहीत आहे. फक्त एकाच बाजूची. आणि ही बोट कुठल्या राजवटीसाठी लढतेय, त्या राजवटीने जमिनीवर काय चालवलंय, याचा तर वाराही या समुद्रावर येत नाही.

दुसरा बचाव असा की कप्तानाच्या नजरेतून दाखवायचं ठरवलं तर एवढंच दिसणार. हा बचाव वोल्फगांग पीटरसनच्या 'दास बूट' या १९८१ च्या सिनेमाने मोडीत काढलाय. तो सिनेमाही बोटीच्या आतच राहतो. खेळाने त्याच्याकडून काय नाही घेतलं? तो घाम, ती कुजबुज, तो खोलीचा काटा, कण्हणारा पत्रा. पण सिनेमात एक प्रसंग आहे. टॉर्पेडो लागलेला टँकर रात्रभर जळतोय. माणसं केव्हाच उतरवून नेली असतील असं समजून कप्तान वर येतो आणि शेवटचा टॉर्पेडो सोडतो. आणि मग दिसतं की डेकवर माणसं आहेत. ती पाण्यात उड्या मारतात, पाणबुडीच्या दिशेने पोहत येतात. कप्तान बोट मागे घेण्याचा हुकूम देतो. सिनेमा तिथे कोणालाही भाषण करू देत नाही, नुसता चेहरे दाखवतो. खेळाने सगळा सिनेमा उचलला आणि एवढा प्रसंग वगळला.

पुलावर पाणी

मला हे इतकं का लागलं, ते सांगते. मी ज्या कामावर आहे त्यात डिलिव्हरी करणाऱ्या लोकांच्या ऑर्डरी वाटण्याचं सॉफ्टवेअर येतं. दोन वर्षांपूर्वी मी एक नियम लिहिला होता: एका दिवसात ठरावीक प्रमाणाबाहेर ऑर्डरी रद्द केल्या की ते खातं आपोआप तीन दिवस बंद. टेस्टिंग उत्तम झालं. आलेख स्वच्छ उतरला, मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. जुलैत एका दिवशी धो धो पाऊस झाला आणि साडेतीनशेच्या वर खाती बंद झाली. आलेखावर ती एक सुबक उभी रेघ होती. मी तिचा स्क्रीनशॉटही काढला, नियम काम करतोय म्हणून.

संध्याकाळी सपोर्टकडून एक मेसेज पुढे आला. मराठीत टाइप केलेला. "मॅडम पुलावर पाणी होतं."

ज्या फॉर्ममधून तो आला त्यात कारण निवडायची यादी होती. गाडी बिघडली, तब्येत, ग्राहक सापडला नाही, इतर. 'इतर' निवडलं तर नियम ते कारण धरत नव्हता. तसं मीच लिहिलं होतं, कारण 'इतर' सगळेच निवडतील. पुलावर पाणी होतं हे सांगायला बटण नव्हतं. नियम आम्ही दुसऱ्या दिवशी बदलला. तीनशे जणांची दिवसाची कमाई परत आली की नाही, हे माझ्या आलेखात दिसत नाही.

या दोन गोष्टींची तुलना करणं फाजील आहे, मला कळतंय. कुठे अटलांटिक, कुठे बंद पडलेलं खातं. पण दादा 'बारा ते चार' म्हणाला तेव्हा मला पहिल्यांदा तो मेसेज आठवला. अंतर हिशोबातून उडून जातं, या वाक्याने मला किती आनंद झाला होता तेही आठवलं. कोन बरोबर असला की समोरचं किती लांब आहे ते कळायची गरज पडत नाही. गणित म्हणून ते आजही सुंदरच आहे.

तरी खेळा

कोणी विचारलं तर मी आजही हा खेळ सुचवते. ऑटोमॅटिक टार्गेटिंग बंद करा. खराब टॉर्पेडो चालू ठेवा. वही-पेन्सिल घ्या, तीन मिनिटं पंधरा सेकंद मोजा. पहिले चार टॉर्पेडो वाया जातील, पाचवा लागेल, आणि तो लागल्यावर जो आनंद होईल तो खरा असेल, त्याची लाज बाळगू नका. एक अवघड गोष्ट तुम्ही शिकलेल्या असाल.

फक्त एक करा. जहाजाला टॉर्पेडो लागल्यावर वेळ पळवू नका. दहा मिनिटं एकास एकने राहू द्या. पेरिस्कोप वर ठेवा. मी हल्ली असं करते. खेळ त्या दहा मिनिटांत काहीही दाखवत नाही, कारण त्याने काही बनवलेलंच नाही. जहाज जळतं, कलतं, हळूहळू जातं. खलाशी एकदा ओरडून गप्प होतात. मग नुसता समुद्र असतो आणि इंजिनाचा आवाज.

परवा असंच बसले होते. खेळातलं घड्याळ तीन वाजून काही मिनिटं दाखवत होतं. दादा जॉइन होऊन महिना झाला होता. फोन उचलून त्याला मेसेज टाकला, वॉचवर आहेस का. एकच टिक आली. रेंजमध्ये नसेल.